आठ डॉलर ते दोन रुपये

८ जून १९४८ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाहून 'मलबार प्रिन्सेस' नावाचं लॉकहीड कॉन्स्टलेशन विमान लंडनला निघालं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे. आत ३५ प्रवासी. त्यांत नवानगरचे जामसाहेब होते, जेआरडी टाटा सपत्नीक होते आणि लंडन ऑलिंपिकसाठी निघालेले दोन सायकलपटूही होते. भारतीय कंपनीचं युरोपला जाणारं हे पहिलं नियमित विमान. एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी तीनच महिन्यांपूर्वी नोंदवली गेली होती आणि तिच्यात सरकारचं भांडवल ४९ टक्के होतं. लंडनचं एका बाजूचं तिकीट होतं १,७२० रुपये.

ही रक्कम केवढी मोठी होती ते कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांच्या गोष्टीवरून कळतं. त्याच उन्हाळ्यात खाशाबाही लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि कुस्तीत सहावे आले. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा गावोगाव वर्गणी फिरली, आणि तरीही पैसे पुरेनात म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. एका कुस्तीगिराच्या परदेशवारीसाठी एका प्राध्यापकाचं घर, असा तेव्हाचा भाव होता.

तरी मुंबईहून परदेशी जाण्याचा इतिहास नुसत्या ऐपतीने उलगडत नाही. कुणी जायचं, किती पैसे न्यायचे, विमानात कुठे बसायचं आणि विमान सुटेपर्यंत कुठे थांबायचं, हे दर पिढीला कुठल्या ना कुठल्या कागदाने ठरवून दिलं. कधी तो संस्थानिकाचा किताब होता, कधी रिझर्व्ह बँकेचा फॉर्म, कधी कंपनीचं पत्र. हल्ली ते खिशातलं कार्ड असतं. हा इतिहास फिरत फिरत आता पनवेल खाडीच्या काठी येऊन पोचला आहे. खाडीच्या अलीकडे सीबीडी बेलापूर आहे आणि पलीकडे नवा विमानतळ.

'मलबार प्रिन्सेस' उडालं तेव्हा बेलापूर हे ठाणे जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव होतं. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे अशा हातांतून गेलेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेला एक पडका किल्ला, त्याच्या भोवती भातशेती, मिठागरं, आगरी-कोळ्यांची वस्ती. मुंबईला जायचं तर होडीने, नाहीतर ठाण्याला वळसा घालून. तिथल्या कुणाला परदेश माहीत असलाच तर तो जहाजावर नोकरीला लागलेल्या एखाद्या नातलगामुळे.

जहाजांचा जमाना तेव्हा पुरता सरलेला नव्हता. विलायतेची वाट बॅलार्ड पिअरवरून जायची. गांधीजी ४ सप्टेंबर १८८८ रोजी 'क्लाइड' या बोटीने मुंबईहूनच निघाले होते. पुढे बॅलार्ड पिअरला थेट धक्क्यावर रेल्वे स्टेशन आलं, आणि १ सप्टेंबर १९२८ला सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायतेच्या बोटीतून उतरलेल्या साहेबांना तिथूनच उचलून दिल्ली-पेशावरकडे न्यायची. बोटीवर वर्गांची उतरंड कडक असे. पहिल्या वर्गाचा डेक वेगळा, जेवणघर वेगळं, धूम्रपानाची खोली वेगळी. हिंदी माणसाकडे पहिल्या वर्गाचं तिकीट असलं तरी बाजूच्या खुर्चीतले लोक बोलतीलच असं नव्हतं. आणि परत आल्यावर समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त घ्यायचं की नाही, हा वाद घरी वाट पाहत असायचा तो निराळाच.

बोटीच्या तळाला, बॉयलरपाशी आणि डेकवर राबणाऱ्यांत कोकणातले खलाशी मोठ्या संख्येने असत. 'मलबार प्रिन्सेस'चा शेवट अशाच लोकांबरोबर झाला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ते विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँच्या शिखराजवळ कोसळलं. ४८ जण गेले. त्या फेरीतले प्रवासी होते इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू व्हायला निघालेले खलाशी. राजे-रजवाड्यांना घेऊन उडालेलं विमान अडीच वर्षांत कामगारांची ने-आण करू लागलं होतं.

त्या काळी विमानाचं भाडं कंपनीच्या मर्जीवर नसे. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना ते ठरवी आणि सगळ्यांना ते सारखंच लावावं लागे. भाडंच काय, जेवणाचेही नियम असत. १९५८ मध्ये अटलांटिकवर नवा इकॉनॉमी वर्ग आला तेव्हा त्यातल्या प्रवाशांना फक्त सँडविच द्यायचं असं ठरलं. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने पावाच्या तुकड्यावर एवढं काही रचून दिलं की ते पूर्ण जेवणच झालं. अमेरिकी कंपन्यांनी तक्रार केली आणि स्कँडिनेव्हियनला २०,००० डॉलर दंड झाला. भाडं कमी करून गिऱ्हाईक ओढता येत नसेल तर पाहुणचार वाढवून ओढायचं, एवढाच मार्ग उरत होता.

या खेळात मुंबईची कंपनी पुढे होती. १९४६ मध्ये एअर इंडियाच्या बॉबी कूका यांनी जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीचे चित्रकार उमेश राव यांच्याकडून एक मिशीवाला, फेटेवाला महाराजा काढून घेतला. तो खरा महाराजा नव्हता. पण संस्थानं विलीन व्हायची वेळ जवळ येत असताना, ज्यांचं राज्य जाणार होतं त्यांचा थाट एका मुंबईकर कंपनीने जगाला विकायला काढला होता. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, १४ मे १९६० रोजी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली आणि १९६२ मध्ये कंपनीची सगळी विमानं जेट झाली. कंपनी बी. प्रभा, हुसेन, गायतोंडे अशांची चित्रं घेत गेली आणि जगभरच्या तिकीटघरांत ती झळकली.

पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला भेट काय द्यायची, याच्या कल्पना तर थेट स्पेनपर्यंत गेल्या. १९६७ मध्ये कंपनीने साल्वादोर दालीकडून चिनी मातीचा ॲशट्रे करून घेतला. मध्ये शिंपला, त्याच्या काठावर वेटोळं घातलेला साप आणि खाली आधाराला हत्तीची डोकी आणि हंस. हत्तीचं डोकं उलटं धरलं की हंस दिसतो आणि हंस उलटा केला की हत्ती. असे काही शे नग पहिल्या वर्गातल्या निवडक प्रवाशांना वाटले गेले. मोबदला म्हणून दालीने पैसे न मागता हत्तीचं पिल्लू मागितलं. कंपनीने खरोखरच एक पिल्लू विमानाने जिनिव्हाला आणि तिथून ट्रकने स्पेनला पोचवलं.

एप्रिल १९७१ मध्ये पहिलं जंबो जेट मुंबईत उतरलं. नाव 'एम्परर अशोक'. बाहेरून प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका रंगवलेला, आत भिंतींवर चित्रं, आणि गोल जिना चढून गेलं की वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठी बैठकीची खोली आणि बार. विमानाच्या आतच लाउंज. खाली साडेतीनशेच्या आसपास माणसं आणि वर हातात पेला घेऊन गप्पा मारणारे मोजके पाहुणे, ही जंबोची रचनाच होती. हे विमान १ जानेवारी १९७८ला दुबईला निघालं आणि वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. त्यात २१३ जण गेले.

एवढा थाट असलेल्या कंपनीच्या शहरात तिकीट काढणं मात्र सोपं नव्हतं. १९५७च्या सुमारास देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि हौसेच्या परदेशवारीसाठी चलन मिळणं बंद झालं. तिकीट काढायलाही रिझर्व्ह बँकेने मंजूर केलेला 'पी फॉर्म' लागायचा. का जाता, कुणाकडे उतरणार, तिकडचा खर्च कोण सोसणार, हे सगळं त्यात लिहून द्यायचं. शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या माणसाला बरोबर नेता यायचे ते ८ डॉलर. १९६६च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांना झाला होता, म्हणजे हिशेब ६० रुपयांचा. दादर, पार्ले, ठाण्याच्या कितीतरी इंजिनिअर-डॉक्टरांनी अमेरिकेतला पहिला दिवस याच आठ डॉलरवर काढला. विमानतळावर कुणी ओळखीचं न्यायला आलं नाही तर टॅक्सीचं भाडं निघेल की नाही, इथून काळजीला सुरुवात.

यातून एक मजेशीर विसंगती झाली. तिकीट रुपयांत घेता येत होतं, त्यामुळे विमानातलं जेवण, पेय, भेटवस्तू, उशी-पांघरूण हे सगळं रुपयांत मिळून जाई. पण उतरल्यावर कॉफी घ्यायची तर दहादा विचार करावा लागे. परदेशातली जी काही चैन भारतीय मध्यमवर्गाला परवडली ती विमानाचं दार उघडेपर्यंतचीच. चमचे, मिठाच्या पुड्या, सुगंधी ओले रुमाल घरी जपून आणण्याची सवय लागली ती त्यामुळेच असावी. एअर इंडियाचं नाव कोरलेला चमचा मुंबईच्या कितीतरी स्वयंपाकघरांत वर्षानुवर्षं टिकला.

पहिलं जंबो यायच्या वर्षभर आधी, १७ मार्च १९७० रोजी, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात ठाणे खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. सरकारने ती उचलली. ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन अधिसूचित झाली. नव्या शहराचा व्यापारी मध्यभाग म्हणून बेलापूर मुक्रर झालं आणि गावाच्या नावामागे सीबीडी ही तीन अक्षरं लागली. नरिमन पॉइंटला २३ मजल्यांची एअर इंडिया इमारत उभी राहत होती, तेव्हा इकडे भातखाचरांत मोजणीदार साखळ्या ओढत होते. नरिमन पॉइंटची गर्दी बेलापूरला यावी ही योजना होती. प्रत्यक्षात मंत्रालय आणि मोठ्या कंपन्या जागच्या हलल्या नाहीत. बेलापूरला आलं ते सिडको भवन, कोकण भवन, कोकण रेल्वेचं मुख्यालय आणि रिझर्व्ह बँकेची प्रशस्त कचेरी. कागद करणारी कार्यालयं जमली, व्यापार बराच उशिरा आला.

१९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या आणि आखाती देशांत बांधकामांचा सपाटा सुरू झाला. रत्नागिरी, रायगड, मुंब्रा, पनवेल इथून गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर दुबई-कुवेत-मस्कतला निघाले. १९८१ मध्ये सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झालं ते या गर्दीला सामावून घेत. त्यांचाही एक कागद होता. १९८३च्या कायद्यानंतर कमी शिकलेल्या माणसाच्या पासपोर्टवर परवाना आवश्यक असल्याचा शिक्का असे आणि त्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'च्या दारात रांग लावावी लागे. शिकलेल्याचा पासपोर्ट या शिक्क्यातून सुटायचा.

सहारला सोडायला जाणं हा तेव्हा एक सोहळाच होता. निघताना घरी देवापुढे नारळ, हातावर दही-साखर. मग जीप किंवा मेटॅडोर भरून नातेवाईक. खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला होता, त्यामुळे बेलापूर-पनवेलकडची मंडळी वाशी, मानखुर्द, चेंबूर करत सहार गाठायची. युरोपला सकाळी उतरणारी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून घरून निघायचं रात्रीच्या जेवणानंतर. जाणारा एक आणि सोडायला दहा. गळ्यात हार, कपाळावर टिळा, बॅगेत मेतकूट, लोणचं, चकल्या. बॅग वजनाला जास्त भरली की तिथेच फरशीवर उघडायची आणि आईने नको म्हणत भरलेलं आईनेच काढायचं. ज्यांच्याकडे विमानाच्या पुढच्या भागाचं तिकीट होतं ते या गर्दीतून बाजूने आत निघून जात. ते कुठे बसतात हे बाहेरच्यांना दिसत नसे.

त्या पुढच्या भागातही फेरफार चालू होते. १९७७ मध्ये फ्रेडी लेकरच्या स्कायट्रेनने लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंडांत न्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण काढून टाकलं. इकॉनॉमीत सवलतीची तिकिटं आली. ज्याची कंपनी पूर्ण भाडं भरत होती तो माणूस निम्म्या-पाव भाड्याच्या पर्यटकाशेजारी बसू लागला आणि कुरकुर करू लागला. त्याच्यासाठी १९७८ मध्ये ब्रिटिश एअरवेजने क्लब आणि पॅनॲमने क्लिपर क्लास काढला, १९७९ मध्ये क्वांटासने बिझनेस क्लास हे नाव पुढे आणलं. एअर इंडियाच्या विमानांतही पुढे एक्झिक्युटिव्ह क्लास आला. पहिला वर्ग राजांसाठी आखला गेला होता, हा नवा वर्ग पगारदार साहेबासाठी. तिकीट त्याच्या खिशातून जात नव्हतं, आणि या वर्गाची सगळी अर्थव्यवस्था याच एका गोष्टीवर उभी राहिली. २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजने बिझनेसच्या प्रवाशाला पूर्ण आडवं झोपता येईल असा पलंग दिला आणि बऱ्याच कंपन्यांना पहिल्या वर्गाची गरजच उरली नाही.

१९८०च्या दशकात खाडीपलीकडे वेगळी लढाई पेटली होती. सिडकोने घेतलेल्या जमिनीचा मोबदला फारच तुटपुंजा असल्याची शेतकऱ्यांची तक्रार होती. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांनी तिचं आंदोलन केलं. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ जासई-दास्तान फाटा आणि नवघर फाटा इथे पोलिसांच्या गोळीबारात ५ शेतकरी मारले गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा. बेलापूर, नेरूळ, उलव्यात आजही भूखंडाची चौकशी केली की दलाल आधी विचारतो, "साडेबारा टक्केवाला की टेंडरचा?"

१९९१ नंतर चलनाच्या गाठी सैल होत गेल्या. १ जून २००० पासून परकीय चलनाच्या जुन्या 'फेरा' कायद्याच्या जागी सौम्य 'फेमा' कायदा लागू झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने कुणाही रहिवाशाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलरची आहे. आठ डॉलरवर गेलेल्या पिढीची नातवंडं हा आकडा बँकेच्या ॲपवर पाहतात. केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या मराठी पर्यटन कंपन्यांनी हार आणि मेटॅडोरच्या जागी एकाच रंगाच्या टोप्या आणि बॅगा आणल्या, पोळी-भाजी युरोपपर्यंत नेली.

आकाशही खुलं झालं. जेट एअरवेजने मे २००५ मध्ये मुंबई-लंडन सुरू केलं आणि २००७ मध्ये नव्या बोइंग ७७७ विमानांत पहिल्या वर्गाला सरकत्या दारांच्या स्वतंत्र खोल्या दिल्या. किंगफिशरनेही लंडन गाठलं. २०१२ मध्ये किंगफिशर आणि १७ एप्रिल २०१९ रोजी जेट जमिनीवर आली. इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲम्स्टरडॅमला जुलै २०२५ पासून भाड्याने घेतलेली मोठी विमानं उडवली. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ला टाटांकडे परतली. नरिमन पॉइंटची इमारत राज्य सरकारने घ्यायची ठरवली आणि चित्रांचा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला.

विमानतळावरच्या लाउंजचा जन्म या सगळ्याहून जुना. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने ॲडमिरल्स क्लब उघडला. सुरुवातीला कंपनी मर्जीतल्या लोकांनाच सभासद करून घेई, पैसे देऊन आत जाता येत नसे. १९६०च्या दशकात यात भेदभाव होतो अशी तक्रार झाली आणि मग वर्गणी ठरली. मर्जी संपली आणि दर आला. १९९२ मध्ये प्रायॉरिटी पासने पुढचं पाऊल टाकलं. तुमचं तिकीट कुठल्याही वर्गाचं असो, एक कार्ड दाखवा आणि जगभरच्या लाउंजमध्ये बसा. विमानातली जागा आणि विमानतळावरची खुर्ची यांचा संबंध तिथून तुटायला लागला.

मुंबईत हा बदल १२ फेब्रुवारी २०१४ नंतर डोळ्यांत भरला. त्या दिवशी सहारच्या नव्या टर्मिनल २ मधून परदेशी उड्डाणं सुरू झाली. मोरपिसांची आठवण देणारे पांढरे खांब, सुमारे तीन किलोमीटर लांबीची कलादालनाची भिंत आणि वरच्या मजल्यावर लाउंज. त्याच सुमारास बँका डेबिट-क्रेडिट कार्डांवर लाउंजची सवलत देऊ लागल्या. २०१२ मध्ये आलेल्या रूपेच्या प्लॅटिनम कार्डावरही देशांतर्गत लाउंज मिळू लागलं. परदेशी उड्डाणांच्या लाउंजला मात्र वरच्या पायरीचं क्रेडिट कार्ड किंवा प्रायॉरिटी पास लागतो.

देशांतर्गत लाउंजच्या दारातलं दृश्य अनेकांच्या परिचयाचं आहे. काउंटरवर बोर्डिंग पास दाखवायचा, कार्ड द्यायचं. मुलगी ते यंत्रात घालते, पिन मागते, आणि दोन रुपयांची पावती फाडून हातात ठेवते. काही कार्डांवर ती पंचवीसची असते. हे दोन रुपये खाण्याचे नसतात, कार्ड खरं आणि चालू आहे की नाही हे तपासण्याचे असतात. खाण्याचे पैसे बँक नंतर लाउंजवाल्याला चुकते करते. आत पोहे, उपमा, इडली-सांबार, पावभाजी, एका कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. फोन चार्ज करायच्या खुर्च्या आधी भरतात. सकाळच्या वेळी रांग दाराबाहेर येते आणि आत बसायला जागा नसली तर ताट हातात धरून उभं राहावं लागतं. ज्या गर्दीतून सुटण्यासाठी लाउंज निघालं ती गर्दीच कार्ड घेऊन आत आली. बँकांना हा खर्च डोईजड झाला, तेव्हा २०२३-२४ पासून अनेक कार्डांवर अट आली. आधीच्या तिमाहीत अमुक हजार रुपये खर्च केलेत तरच दार उघडेल.

बिझनेस क्लासचं तिकीटही आता फक्त कंपनीचं राहिलेलं नाही. कार्डाचे पॉइंट साठवून, कधी लिलावात बोली लावून पुढची जागा घेणारे पगारदार नवी मुंबईत पुष्कळ आहेत. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेल्या सत्तरीच्या आई-वडिलांचे गुडघे लक्षात घेऊन मुलगाच त्यांना आडवं होता येईल असं तिकीट काढून देतो. सरकारच्या लेखी मात्र ही चैनच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे.

सहारहून उडणाऱ्या बेलापूरच्या प्रवाशाला लाउंज ही गरज वाटावी, याचं कारण रस्त्यात आहे. सहार तीस किलोमीटरच्या पुढे. मध्ये वाशीचा पूल, मानखुर्द, चेंबूर. कधी तासात पोचाल, कधी अडीच तास लागतील. म्हणून चार-पाच तास आधी निघायचं, लवकर पोचायचं आणि मग त्या वेळाचं करायचं काय हा प्रश्न. दक्षिण मुंबईचा माणूस विमानतळाचा मनोरा दिसला की घड्याळ बघतो, बेलापूरकर आत शिरून मगच श्वास सोडतो.

दुसऱ्या विमानतळाची चर्चा १९९०च्या दशकात सुरू झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता २००७ मध्ये मिळाली. खारफुटी आणि नद्यांचा प्रश्न होता, त्यामुळे पर्यावरण मंजुरीला नोव्हेंबर २०१० उजाडला. १,१६० हेक्टर जागा, ३,७०० मीटरची धावपट्टी. तिच्यासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी कापून काढली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशा १० गावांतली तीन हजारांहून अधिक कुटुंबं हलली. त्यांच्यासाठी साडेबाराच्या जागी साडेबावीस टक्के भूखंडाचं धोरण आलं. त्या वसाहतीचं नाव सिडकोने ठेवलं पुष्पकनगर.

नावावरून मोठा संघर्ष झाला. राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे यांचं नाव पुढे केलं तेव्हा भूमिपुत्रांनी दि. बा. पाटलांच्या नावाचा आग्रह धरला. १० जून २०२१ला मानवी साखळी झाली. २४ जून २०२१ हा दि. बां.चा स्मृतिदिन. त्या दिवशी हजारोंच्या जमावाने बेलापूरला सिडको भवनाकडे मोर्चा नेला. पुरुषांबरोबर आगरी-कोळी बायकाही मोठ्या संख्येने आल्या होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाने दि. बां.च्या नावाचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी विमानतळाचं उद्घाटन केलं आणि २५ डिसेंबरला देशांतर्गत उड्डाणांनी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे, पुढे नऊ कोटींची.

आजकाल कुठलाही मोठा विमानतळ नुसत्या विमानांवर चालत नाही. दुकानं, पार्किंग, जाहिराती, खानपान आणि लाउंज यांचं भाडं हा त्याच्या महसुलाचा मोठा भाग असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये या विमानतळाची निविदा उघडली तेव्हा सगळ्यात जास्त महसूल-वाटा देऊ करणाऱ्याला काम मिळणार होतं. जीएमआरने १०.४४ टक्के लिहिले होते आणि जीव्हीकेच्या मुंबई विमानतळ कंपनीने १२.६० टक्के लिहून निविदा जिंकली. २०२१ मध्ये ते काम अदानी समूहाकडे आलं. विमानतळ कंपनीत अदानींचे ७४ टक्के आणि सिडकोचे २६ टक्के भाग आहेत. जासईच्या शेतकऱ्यांना लढून मिळाले होते साडेबारा टक्के, पण ते जमिनीचे, आणि एकदाच मिळणारे. सिडकोचा वाटा चालू महसुलातला आहे. उलव्याच्या टेकडीच्या जागी कुणी लाउंजमध्ये कार्ड पुढे करेल, तेव्हा त्याचा काही अंश हिशेबांतून फिरत बेलापूरच्या सिडको भवनात पोचेल. कोंबडभुजे आणि तरघरच्या कुटुंबांचा हिशेब चौरस मीटरमध्ये झाला आहे, आणि आपल्या वाट्याच्या कागदांसाठी त्यांच्यातले अनेक जण त्याच इमारतीच्या फेऱ्या मारत आले आहेत.